ठासणीच्या बंदुकीत जुना बार राहिलाय? उडवू नका, आधी भिजवा

प्रश्न असा आहे. अंबाजोगाईकडच्या एका शेतकऱ्यानं रानडुकरांच्या त्रासापायी पीकसंरक्षणाचा परवाना काढला आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका वयस्क परवानाधारकाकडून टोपीवर (घोड्याच्या फटक्यानं भडका देणाऱ्या धातूच्या छोट्या डबीवर) उडणारी, ठासणीची एकनळी बंदूक रीतसर विकत घेतली. घरी आणून नळीत गज (बार ठासायची काठी) घातला, तर तो सहा-सात बोटं बाहेरच राहतो. आधीच्या मालकाला काही आठवत नाही. दहा-बारा वर्षं बंदूक खुंटीलाच होती. आतला बार (ठासलेली बंदुकीची दारू आणि छर्रे) रानात नेऊन उडवून टाकावा, की गावातल्या लोहाराकडून नळी मागून बंद करणारा पेच उघडून घ्यावा?

दोन्ही नको. बार उडवायचा नाही, आणि लोहाराच्या भट्टीजवळ तर ती बंदूक जाताच कामा नये. आतली दारू पाण्यानं मारायची आणि मग बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून बार पुढच्या तोंडानं ओढून काढायचा. बंदूक सुरक्षित मांडणं, आतला बार मोजणं आणि दारू भिजवणं एवढं तुम्ही घरी करू शकता. बार ओढणं कारागिराचं काम. ते तो कसं करतो हेही पुढे लिहिलंय, कारण समोरचा माणूस चुकीच्या वाटेला लागला तर तुम्हाला तिथल्या तिथं ओळखता आलं पाहिजे.

काडतुसाची बंदूक मधून मोडून उघडली की काडतूस हातात येतं. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद असते. दारू, तिच्यावर डाट (चिंध्या, काथ्या किंवा पुठ्ठ्याचा बोळा), मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा डाट, हे सगळं पुढून ठासलेलं असतं आणि ते बाहेर काढायची सोपी सोय बंदुकीतच नसते. राखणीला गेलेला माणूस रात्रभर माळ्यावर बसतो, डुकरं येत नाहीत, पहाटे तो निपलवरची (नळीच्या मागच्या पोकळ बोंडावरची) टोपी काढून खिशात टाकतो आणि बंदूक खुंटीला अडकवतो. उद्या पुन्हा जायचंच आहे म्हणून बार तसाच राहतो. मग ज्वारी निघते, हंगाम संपतो, माणूस थकतो आणि बार नळीतच राहून जातो. टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा समज सगळ्यात घातक आहे. टोपी हे फक्त पेटवण्याचं साधन. पेटणारी दारू आतच असते.

ती दारू जुनी झाली म्हणून मरतही नाही. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. या तिन्हींपैकी काहीच नुसत्या काळानं कुजत नाही. कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही ती पेटते. माळवदाच्या घरातल्या जाड मातीच्या भिंती आणि मराठवाड्याची वर्षातले आठ महिने कोरडी असणारी हवा, दारू टिकायला याहून चांगली जागा नाही. पावसाळ्यात तिनं थोडी ओल धरली तरी उन्हाळ्यात ती पुन्हा सुकते आणि पुन्हा पेटण्याजोगी होते. मे महिन्याच्या उन्हानं ती आपोआप पेटत नाही. तिला ठिणगी, निखारा किंवा टोपीचा भडका लागतो, आणि निपलचं उघडं भोक ही त्यासाठीची थेट वाट आहे. खंडेनवमीला देवापुढे शस्त्रं मांडतात तेव्हा निरांजन, धूप, उदबत्ती अगदी शेजारी असते आणि घरची लेकरं पुढ्यात बसलेली असतात. तिथं ठेवलेली ठासणीची बंदूक रिकामी आहे हे आधी मोजून पाहिलंय, असं किती घरांत होतं याचा विचार करा.

आता हात लावण्याआधी. बंदूक आज जिथं आहे तिथून हलवायची तर नळीचं तोंड कुठं जातंय याकडे प्रत्येक पावलाला लक्ष हवं. घरात नको, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) किंवा रानात जागा करा. मातीचा दोन हात जाडीचा ढिगारा किंवा मातीनं भरलेल्या पोत्यांच्या दोन रांगा, त्यांच्यासमोर जमिनीवर वाळूची दोन पोती, आणि त्या पोत्यांवर नळीचं तोंड ढिगाऱ्याकडे करून बंदूक आडवी ठेवा. ढिगाऱ्यात दगड, मुरमाचे खडे नकोत. छर्रा त्यांच्यावरून उसळतो. बाजेवर किंवा मांडीवर घेऊन हे काम करू नका. आजूबाजूला बिडी, चूल, मोटारीची सुरू वायर यांपैकी काही नको. सोबत एक जाणता माणूस असावा, तोही तुमच्या मागे. बाकीचे सगळे घरी.

पहिल्यांदा निपल बघायचं. टोपी नसेल तर उत्तम. टोपी असेल आणि घोडा तिच्यावर टेकलेला असेल तर ही सगळ्यात वाईट स्थिती आहे, कारण घोड्यावर बाहेरून बसलेला धक्कासुद्धा टोपी फोडायला पुरतो. खुंटीवरून पडलेल्या बंदुका अशाच उडतात. अशा वेळी बंदूक पोत्यावर पक्की टेकवून, अंगठा घोड्याच्या शेंड्यावर पूर्ण चढवून, चापाला अजिबात बोट न लावता घोडा सावकाश मागे घ्यायचा आणि पहिल्या खाचेत आला तरी अंगठा सोडायचा नाही. जुन्या कळीतली (घोडा-चापाच्या यंत्रणेतली) खाच झिजलेली असते, तिच्या भरवशावर राहता येत नाही. सोबतच्या माणसानं तेवढ्यात घोडा आणि निपल यांच्यामध्ये चपलेच्या तळव्यासारखा जाड चामड्याचा तुकडा सरकवावा, पण हात नळीच्या तोंडाच्या रेषेत न आणता, बाजूनं. मग लाकडाच्या किंवा बांबूच्या चिपेनं टोपी हलकेच कडेनं उचलायची. चाकू, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड वापरू नका. जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचं फल्मिनेट असू शकतं आणि ते लोखंडाच्या घासण्यानं फुटतं. निघालेली टोपी तेल भरलेल्या छोट्या बाटलीत टाका.

टोपी गंजून निपलला चिकटली असेल, किंवा घोडा गंजून हलतच नसेल, तर जबरदस्ती करू नका. तिथंच थांबा, बंदूक आहे त्या स्थितीत ढिगाऱ्याकडे तोंड करून राहू द्या आणि पोलीस ठाण्याला कळवा. जिल्हा पोलिसांकडे बॉम्बशोधक व नाशक पथक असतं. अशा वस्तूला हात लावण्याची सवय आणि साधनं त्यांच्याकडे आहेत.

चकमकीची बंदूक असेल तर चकमक जबड्यातून काढून घ्या, कानाजवळच्या (नळीच्या बाजूच्या पेटवायच्या भोकाजवळच्या) वाटीतली रंजक (पेटवणीची दारू) ओल्या फडक्यानं पुसा आणि कानात भिजवलेली काडी बसवा. तोड्याच्या (जळत्या वातीनं पेटवायच्या) बंदुकीलाही हेच. तिला फक्त चकमक नसते.

आता मोजणी. गज बाहेर राहतो एवढ्यावरून काहीच ठरत नाही. गज मूळचा आहे का, तुटला म्हणून दुसऱ्या बंदुकीचा घातलाय का, कोणी कापलाय का, हे कळत नाही. काही बंदुकांचा गज रिकाम्या नळीतही दोन बोटं बाहेर असतो. खरं माप नळीच्या बाहेरून घ्यायचं. सागवानाची किंवा बांबूची सरळ काठी घ्या, नळीपेक्षा वीतभर लांब, पुढचं टोक सपाट कापलेलं. लोखंडी सळई नको. स्वतः नळीच्या बाजूला उभं राहून दोन बोटांच्या चिमटीत काठी धरा आणि हळूच आत सोडा. तळहात काठीच्या मागच्या टोकावर कधीही ठेवू नका आणि ठोकू नका. बार उडालाच तर काठी गोळीसारखी बाहेर येते. काठी टेकली की नळीच्या तोंडाशी खडूनं खूण करा, काठी बाहेर काढा आणि खूण नळीच्या तोंडाशी जुळवून काठी नळीच्या बाहेरून शेजारी धरा. काठीचं टोक निपलच्या किंवा कानाच्या भोकापर्यंत येतं का ते बघा. रिकाम्या बंदुकीत ते भोकाच्या रेषेपर्यंत किंवा फार तर एखादं बोट अलीकडे येतं. त्याहून अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे.

आवाजही ऐका. रिकाम्या नळीच्या तळाशी काठी कडक टेकते, डाटावर ती मऊ बसते. पण आवाज फक्त जोडीला; निर्णय मापाचा. एक फसवी गोष्ट मात्र आहे. काही चांगल्या घडणीच्या जुन्या बंदुकांत मागचा दारूचा कप्पा नळीपेक्षा अरुंद असतो. तिथं जाड काठी रिकाम्या नळीतही एक-दीड बोट अलीकडे अडकते. बारीक काठीनं पुन्हा मोजा. तरी शंका राहिली तर बंदूक भरलेली समजा. दुनळी असेल तर दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजा. एक नळी उडवून दुसरी भरलेली राहणं आणि मग घाईत भरलेल्या नळीतच पुन्हा बार ठासणं, हे दुनळीत नेहमीचं आहे.

नळीच्या तोंडाशी डोळा नेऊन टॉर्चनं आत बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. नको. बघायचंच असेल तर मोबाईलला जोडायचा वायरवाला कॅमेरा मिळतो, तो आत सोडा आणि चेहरा बाजूला ठेवून पडद्यावर बघा. त्यात बहुतेक वेळा गंज, कोळिष्टकं आणि कुंभारीण माशीचं मातीचं घरटं दिसतं. ते घरटं वाळून विटेसारखं कडक होतं.

तुमच्या सहा-सात बोटांचा अर्थ काय? बोट म्हणजे साधारण पावणेदोन सेंटीमीटर धरलं, तर हे साडेदहा ते सव्वाबारा सेंटीमीटर झालं. बारा बोअरच्या (आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर रुंद) नळीत ५ ग्रॅमच्या आसपास काळी दारू आणि २८-३० ग्रॅम छर्रे असा नेहमीचा बार घातला, तर दारूची उंची जेमतेम २ सेंटीमीटर, छर्रे दीड-पावणेदोन, वर दोन डाट, मिळून ५-६ सेंटीमीटर होतात. नळी बारीक असेल, समजा १५ मिलिमीटर, तर तोच बार ७-८ सेंटीमीटर भरतो. म्हणजे तीन-चार बोटांचा बार नेहमीचा. बाहेरून मोजूनही तुमचं माप सहा-सात बोटं आलं, तर तीन शक्यता आहेत: एकावर एक दोन बार, चिंध्या-काथ्याचा भला मोठा डाट, किंवा छर्रे-गोळी दारूवरून पुढे सरकून मध्ये पोकळी राहिलेली. यातल्या दोन शक्यतांमध्ये बंदूक उडवणं म्हणजे नळी फाडून घेणं.

ते का, हे समजून घेतलं की 'झाडाला बांधून दोरीनं चाप ओढू' हा विचार मनातून जाईल. छर्रे किंवा गोळी दारूला चिकटून असेल तर दारू पेटताच दाब हळूहळू वाढत त्यांना पुढे ढकलत नेतो. मध्ये पोकळी असेल तर पेटलेला वायू त्या पोकळीतून वेग घेऊन स्थिर बसलेल्या गोळीवर आदळतो, आणि त्या एका जागी नळी फुगते किंवा फाटते. नेमकी तिथंच उडवणाऱ्याची डावी मूठ असते. खुंटीला तोंड खाली करून वर्षानुवर्षं टांगलेल्या बंदुकीत बार असा पुढे सरकतो. दोन बार असतील तर पुढचा बार मागच्यासाठी अडथळा ठरतो, आणि मागच्या भडक्यानं पुढची दारूही पेटली तर दाब नळीच्या आवाक्याबाहेर जातो. घरट्याची वाळकी माती हेच काम करते. त्यात नळीच्या मागच्या भागात आतून गंजाचे खड्डे असतात. सोऱ्याची राख ओल ओढते आणि लोखंड तिथंच खाते. बाहेरून झळझळीत दिसणाऱ्या नळीची भिंत आतून किती उरलीय हे बाहेरून कळत नाही.

आणि आत दारू कोणती आहे, हे कोणाला माहीत? कोणीतरी काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासलेली असू शकते. ती काळ्या दारूपेक्षा किती तरी पट दाब देते, ठासणीच्या नळीसाठी ती नाहीच. फटाके फोडून काढलेली चंदेरी भुकटीही लोक वापरतात, ती त्याहून वाईट. म्हणून बंदूक ज्यांच्याकडून घेतली त्या काकांना नीट बसून विचारा: शेवटी बार कधी भरला, दारू कुठून आणायचे, छर्रे की गोळी, कधी टोपी वाजूनही बार न उडाल्याचं आठवतं का. टोपी वाजली पण बार उडाला नाही आणि त्यावरच दुसरा बार ठासला, असं घडलेलं असतं.

दोरीनं उडवण्यात आणखी एक तोटा आहे. टोपी वाजते आणि बार उडत नाही. आता आत एखादा निखारा धुमसतोय की काही नाही, कोण जवळ जाऊन बघणार? उशिरानं उडणारे बार याच क्षणी माणसांचा जीव घेतात.

लोहाराचं कारण सरळ आहे. मागचा पेच वर्षांनुवर्षं गंजून घट्ट बसलेला असतो, म्हणून तो तापवूनच सैल करायचा असं लोहार ठरवतो. पेचाच्या आत दारू आहे. तापवणं, गॅस वेल्डिंग, ग्राइंडर, ड्रिल, हातोडा, यांतलं काहीही भरलेल्या नळीला लागता कामा नये. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा निपलमधून मारून बार बाहेर फेकायचा उपायही कोणी सुचवेल. हवेच्या दाबानं सुटलेली गोळी माणसाला जखमी करण्याइतक्या वेगानं बाहेर येते. ते करू नका.

आता भिजवणं. शक्य असेल तर आधी कळ उतरवा. बहुतेक बंदुकांत ती बाजूच्या एक-दोन पेचांवर असते. कळ निघाली की घोडाही निघाला, आणि निम्मा धोका संपला. पेच गंजलेले असतील तर नाद सोडा. घोड्याखाली चामडं राहू द्या. नळी कुंद्यापासून (लाकडी दस्त्यापासून) सहज सुटत असेल तर सोडवा, म्हणजे लाकूड फुगणार नाही.

साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका. साबणामुळे पाणी घट्ट ठासलेल्या दारूत लवकर शिरतं. बिनसुईच्या सिरिंजनं निपलच्या भोकातून पाणी आत सोडा, एका वेळी ५ ते १० मिलिलिटर, हळूहळू. नळीचं तोंड थोडं वर ठेवा, म्हणजे पाणी मागेच साचेल. तोंडासमोर ढिगारा मात्र हवाच. भोक चोंदलं असेल तर बारीक पितळी तार फिरवा, टोचू नका. मग पुढच्या तोंडानं पाणी ओता. बारा बोअरची पूर्ण नळी जेमतेम पाव लिटर पाण्यानं भरते. पुढून ओतलेलं पाणी डाटावरच अडून राहतं, मेण-चरबी लावलेल्या डाटाखाली ते जातच नाही. म्हणून मागून, भोकातून दिलेलं पाणीच कामाचं. पुढचं पाणी फक्त डाट, गंज आणि मातीचं घरटं मऊ करायला. २४ तास राहू द्या, पाणी काढा, पुन्हा भरा. असं तीन वेळा. भोकातून काळं पाणी यायला लागलं की समजा दारू भिजतेय.

फवाऱ्याच्या डब्यातलं गंज सोडवणारं तेल पेचांवर मारा, ठीक आहे, पण दारू मारायचं काम त्याच्यावर सोपवू नका. पाणी सोरा विरघळवतं, तेल विरघळवत नाही. आणि भिजवली म्हणून बंदूक निर्धास्त झाली असं नाही. दारूच्या मधल्या भागाला पाणी लागलंच नसेल, किंवा चार दिवस उन्हात राहून ती सुकली असेल, तर ती पुन्हा पेटते. भिजवल्यापासून बार निघेपर्यंत नळी ओलीच ठेवायची, तोंडात ओलं फडकं, आणि बंदुकीला मोठ्या अक्षरांची चिठ्ठी: 'आत बार आहे'.

कारागिराकडे नेण्याआधी फोनवर सांगा की बंदूक भरलेली आहे, आणि पोलीस ठाण्यात कल्पना द्या. परवाना सोबत. एसटीनं किंवा दुचाकीवर पाठीला अडकवून नेऊ नका. चारचाकीत मागे, तोंड मातीच्या पोत्यात रोवलेलं, नळीच्या पुढे-मागे कोणी बसलेलं नाही, असं न्या. दुकानात पाय ठेवताच पहिलं वाक्य तेच: आत बार आहे.

चांगला कारागीर आधी स्वतः मोजेल, तुमच्या मापावर विसंबणार नाही. मग निपल पान्यानं काढून तिथून पुन्हा पाणी देईल. त्यानंतर पितळी टोकाच्या गजावर मळसूत्री काटा लावून पुढचा डाट पिळून ओढेल. चिंध्या, काथ्या, पुठ्ठा असेल तर तो तुकड्या-तुकड्यांनी येतो. डाट निघाला की नळी खाली झुकवून छर्रे परातीत ओतायचे. शिशाची गोळी असेल तर काट्याऐवजी स्क्रूसारखं टोक लावतात, ते गोळीत रुतवून गोळी सरळ ओढतात. हे सगळं करताना माणूस नळीच्या बाजूला असतो, समोर नाही, आणि डोळ्यांवर चष्मा असतो.

गोळी गंजानं जाम असेल तेव्हा ग्रीसचा उपाय सगळ्यात सुरक्षित ठरतो. ट्रॅक्टरला ग्रीस मारायची पिचकारी तुमच्याही घरी असेल, तशीच. निपलच्या आट्यांना बसेल असा ग्रीस-निपल लावून आत ग्रीस दाबत गेलं की ते दारूला कालवत, डाटाला पुढे ढकलत अख्खा बार बोटा-बोटानं तोंडाकडे आणतं. ग्रीस हवेसारखं दबून उसळत नाही, म्हणून गोळी सुटून जात नाही, आणि ठिणगीचा प्रश्नच नाही. आटे जुळवणं महत्त्वाचं. चुकीच्या आट्यांचा निपल जबरदस्तीनं फिरवला तर बंदुकीचे आटे जातात आणि नंतर तिथूनच भडका उलटा डोळ्याकडे येतो. म्हणून हेही त्यालाच करू द्या.

एक बार निघाला म्हणजे संपलं नाही. काठीनं पुन्हा मोजायचं. टोक भोकाच्या रेषेला लागेपर्यंत नळी भरलेलीच.

बाहेर आलेल्या चिखलाकडे लक्ष द्या. काळा, बोटाला काजळीसारखा लागणारा, गंधकाचा वास असलेला चिखल म्हणजे काळी दारू. चकचकीत, प्लास्टिकसारखे चपटे किंवा बारीक गोल कण दिसले तर ती काडतुसाची दारू. ती पाण्यात विरघळत नाही आणि सुकल्यावर पूर्ववत होते. राखाडी-चंदेरी भुकटी दिसली तर खरवडणं तिथंच थांबवा. ती घासण्यानं पेटू शकते. ओली ठेवून पोलिसांच्या हवाली करा.

काळी दारू बादलीभर पाण्यात पूर्ण भिजू द्या. गंधक आणि कोळसा तळाशी राहतात, सोरा पाण्यात जातो. ते पाणी गोठ्याजवळ, हौदाजवळ किंवा विहिरीच्या काठाला ओतू नका. सोरा म्हणजे नायट्रेट; युरियाचं पाणी प्यायलेली जनावरं जशी दगावतात तसं हे पाणीही गाई-म्हशींना मारू शकतं, आणि खारट चव जनावरांना आवडते. पडीक जागी खड्डा करून ओता आणि माती लोटा. शिशाचे छर्रे वेचून घ्या. अंगणात सांडले तर कोंबड्या खडे समजून गिळतात आणि शिसं अंगात भिनतं.

नळी गरम पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि तेलाचा हात द्यायचा. हे त्याच दिवशी. एक रात्र राहिली तरी गंज चढतो. मग कारागिराला नळीवर कुठे फुगवटा आहे का, मागचा पेच हलतो का, निपलचे आटे शाबूत आहेत का, घोडा खाचेत थांबतो का, एवढं तपासायला लावा. फुगवटा निघाला किंवा पेच हलला तर ती बंदूक पुन्हा भरायची नाही, मग ती कितीही जुनी आणि कितीही नक्षीची असो.

कागदांचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवानाधारकानं आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. तुमचा व्यवहार तसा झाला असेल तर काळजी नाही. त्या ४५ दिवसांत नळी मोजून पाहण्याची अट दोघांनी आपसात घातली असती, तर हा प्रश्न उभाच राहिला नसता. पुढच्या वेळी घाला. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करतानाही आधी मोजा. तिथं ती शेकडो बंदुकांच्या ढिगात पडते आणि तिला हात लावणाऱ्याला आत बार असल्याचं माहीत नसतं.

वाडा पाडताना बळदात, माळवदाच्या तुळईवर, आजोबांच्या पेटीत निजामाच्या काळातली बिनपरवान्याची बंदूक सापडली, तर गोष्ट वेगळी. ती साफ करू नका, भिजवू नका, उचलून ठाण्यातही नेऊ नका. लोकांना लांब ठेवा, ११२ वर किंवा ठाण्यात फोन करा आणि भरलेली असू शकते हे आधी सांगा. कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब जमा करणं बंधनकारक आहे, आणि स्वतःहून कळवलेलं बरं. ती निकामी आहे, पुराणवस्तू आहे, कायदा लागू नाही, हे आपण ठरवायचं नसतं.

तुमच्या बंदुकीचा बार निघाल्यावर शेवटचं काम गजावर करा. नळी रिकामी असताना गज आत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजाला कानशीनं गोल खाच पाडा. ही रिकाम्या नळीची खाच. कारागिरानं ठरवून दिलेला बार भरून झाला की तोंडाशी दुसरी खाच पाडा, तिच्यात लाल रंग भरा. रिकामी खाच तोंडाशी टेकली तर नळी रिकामी, लाल खाच टेकली तर एक बार आत, आणि लाल खाच तोंडाच्या वर राहिली तर बार नीट ठासला गेलेला नाही किंवा दोन बार झालेत. अशा वेळी टोपी चढवायची नाही. अंधारात माळ्यावर बसलेल्या माणसालाही या खाचा अंगठ्याच्या नखानं कळतात.